जुन्या वूफरच्या पाइपातली भसभस

सबवूफरच्या खोक्याला पुढे किंवा मागे जे गोल भोक असतं, त्यात बोटं घातली की एक नळी लागते. पुठ्ठ्याची नाहीतर प्लास्टिकची, फार तर वीतभर लांब. दुरुस्तीवाले तिला नुसतं ‘पाइप’ म्हणतात, माहितीपत्रकात ती ‘पोर्ट’ असते. सिनेमात स्फोट झाला किंवा गाण्यात एखादा खोल सूर लांबला, की काही वूफर त्या सुरासोबत ‘भस्स्, भस्स्’ असं फुंकू लागतात. बेस असतो, पण त्यावर वाऱ्याचा एक थर चढलेला असतो. माल जुना झाला म्हणून लोक तो वूफर माळ्यावर टाकतात किंवा भंगारात देतात. वूफर बहुतेक वेळा धडधाकट असतो. नळीच्या दोन्ही तोंडांवर थोडं काम केलं तर तो पुन्हा बैठकीत ठेवण्यासारखा होतो.

छत्रपती संभाजीनगरात असे वूफर पुष्कळ सापडतात. पैठण रोडवर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना जोरात होता तेव्हापासून टीव्ही आणि त्यासोबतचं ध्वनीचं सामान इथल्या घरांना नवं नाही. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पण शहरातली सामान उघडून बघायची सवय गेली नाही. जुन्या होम थिएटर संचातले उपग्रह स्पीकर केव्हाच हरवलेले असतात आणि वूफर एकटाच उरलेला असतो. हा लेख अशाच एकट्या उरलेल्या वूफरसाठी आहे, आणि पाचशेची नोट मोडून सुट्टे परत आणायची तयारी असलेल्या वाचकासाठी.

आधी ही नळी तिथे कशासाठी आहे ते पाहू. वूफरचा कोन, म्हणजे त्याचा हलणारा पडदा, पुढे सरकतो तेव्हा खोलीत हवा ढकलतो आणि त्याच वेळी खोक्यातली हवा विरळ करतो. मागचा हा आवाज खोक्यात कोंडून टाकला तर अर्धी मेहनत वाया जाते. नळीतल्या हवेला वजन असतं आणि खोक्यातली हवा दाबली की स्प्रिंगसारखी उसळते. स्प्रिंगला वजन टांगलं की ते एका ठराविक वेगानेच झुलतं, तसं हे जोडपंही एका ठराविक सुरालाच जोरात डोलतं. पोकळीच्या ह्या गुणाचा हिशेब जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने मांडला. त्याचा स्वरसंवेदनांवरचा ग्रंथ १८६३ मध्ये निघाला. तो गुण लाउडस्पीकरच्या खोक्यात मुद्दाम वापरायची कल्पना अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आल्बर्ट थुरासची. १९३० मध्ये त्याने अर्ज केला आणि १९३२ मध्ये पेटंट मिळालं. मग १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थीलने आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉलने ह्या सगळ्याला नीट गणितात बसवलं. आज मोबाइलवर खोक्याचं माप टाकून नळीची लांबी सांगणारी जी फुकट ॲप्स आहेत, त्यांच्या पोटात ह्याच दोघांची समीकरणं आहेत.

ज्या सुराला खोकं आणि नळी मिळून डोलतात, त्या सुरावर एक गंमत घडते. कोन जवळजवळ स्तब्ध राहतो आणि सगळा आवाज नळीतून येतो. म्हणजे नळीतल्या हवेवर सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो.

एक उदाहरण आकड्यांत घेऊ. ३० लिटरचं खोकं, ८ इंची वूफर, ४० हर्ट्‌झला जमवलेली ५० मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी. अशी नळी साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास लांब असते आणि तिच्यासोबत डोलणाऱ्या हवेचं वजन जेमतेम पाव ग्रॅम भरतं. आता ८ इंची कोन ६ मिलिमीटर सरकला तर जेवढी हवा ढकलेल, तेवढी, म्हणजे साधारण १३० मिलिलिटर हवा ह्या नळीने मध्यापासून एका बाजूला ढकलायची आहे. नळी अरुंद, म्हणून तिच्यातल्या हवेला एका बाजूला साडेसहा सेंटिमीटर जावं लागतं आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच. नळीच्या लांबीहून जास्त प्रवास झाला. तोही सेकंदाला ४० वेळा. ह्या धावपळीत हवेचा सर्वाधिक वेग सेकंदाला सुमारे १७ मीटर होतो, म्हणजे ताशी साठ किलोमीटर. जालना रोडवर संध्याकाळी दुचाकीला जो वेग मिळत नाही, तो ह्या पाव ग्रॅम हवेला रोज मिळतो.

बनवणाऱ्यांचा जुना ठोकताळाही असाच आहे: नळीतला वेग ध्वनीच्या वेगाच्या पाच टक्क्यांखाली, म्हणजे सेकंदाला १७ मीटरच्या खाली ठेवा. चोखंदळ लोक १० च्या खाली ठेवतात.

पण नुसत्या वेगाने भसभस होत नाही. मेणबत्ती फुंकून विझते, हवा ओढून विझत नाही, हे करून बघा. फुंकलेली हवा सरळ झोताने जाते आणि ओढलेली हवा तोंडाभोवतीच्या सगळ्या बाजूंनी येते. नळीचं तसंच होतं. बाहेर पडताना हवेचा झोत कडेपासून सुटतो आणि त्याच्याभोवती भोवरे तयार होतात. आत येताना चहूबाजूंची हवा त्या कडेवरून काटकोनात वळते आणि पुन्हा भोवरे उठतात. कड जितकी धारदार, तितके भोवरे जास्त. त्या भोवऱ्यांचा आवाज बेसच्या पट्टीत नसतो, फार वर असतो, आणि कान तिथे तीक्ष्ण असतो म्हणून तो लगेच टोचतो. तेवढ्यावर भागत नाही. भोवऱ्यांत ऊर्जा खर्च झाली की आवाज वाढवला तरी बेस वाढत नाही, नुसता वारा वाढतो.

इथे बहुतेक जुन्या खोक्यांची चोरी लक्षात येते. बाहेरचं तोंड दिसतं म्हणून त्याला छान गोलाई दिलेली असते. आतलं तोंड करवतीने कापून तसंच सोडलेलं असतं. हवेला मात्र दोन्ही तोंडांतून जायचं असतं.

मात्र स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी आवाज खरंच नळीचा आहे का ते तपासा, कारण जुन्या वूफरला कुरकुरायला इतर कारणं भरपूर असतात. मोबाइलवर एकच सूर काढणारं टोन जनरेटर ॲप घ्या. मोबाइलच्या स्पीकरवर ४० हर्ट्‌झ ऐकू येणार नाही, तार वूफरलाच जोडावी लागेल. ६० हर्ट्‌झपासून खाली सावकाश उतरा, आवाज मध्यम ठेवा. नळीची भसभस मऊ असते आणि सुराच्या तालावर येते-जाते. तोंडाशी हाताचा पंजा धरला की वारा लागतो. खडखड, किरकिर किंवा धातूचा टणत्कार आला तर तो नळीचा नव्हे. मागच्या ॲम्प्लिफायरच्या पत्र्याचे ढिले स्क्रू, आत हलणारी वायर, कोनच्या मध्यावरची सुटलेली टोपी, नाहीतर कॉइल घासत असणार. कॉइल घासत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि कोन बदलून देणाऱ्या कारागिराकडे जा. कोनभोवतीचा फोम बोटाने हलकेच दाबून बघा. वयाने तो झडतो, भुगा बोटाला लागतो आणि त्यातल्या फटींतूनही हवा अगदी नळीसारखीच सुसकारते.

फटी शोधायला उदबत्तीइतकं स्वस्त यंत्र नाही. हलका सूर चालू ठेवून ती खोक्याच्या सांध्यांजवळून, स्क्रूंजवळून, वायरच्या सॉकेटजवळून फिरवा. धूर जिथे थरथरेल तिथे गळती आहे. (फोमपासून आणि कोनच्या कागदापासून ती लांब धरावी हे सांगायला नको.) अशी गळती रबराच्या पट्टीने किंवा फेविकॉलने बुजवता येते, आणि कित्येकदा सगळी तक्रार तिथेच मिटते.

शेवटची खातरजमा पायमोज्याने. स्वच्छ मोजा गुंडाळून नळीत घट्ट कोंबा आणि तोच सूर लावा. भसभस थांबली तर आरोपी सापडला. मग मोजा तसाच राहू दिला तर? चालतं. काही महागडे स्पीकर खोक्यासोबत फोमचं बूच देतातच. खोकं बंद झालं की खालचा बेस उतरतो, जे उरतं ते मात्र कोरडं आणि आखीव लागतं. छोट्या खोलीत जुनी गाणी ऐकणाऱ्याला ते कदाचित आवडेलही. फक्त नळीने उचललेला भार आता कोनवर येतो, म्हणून आवाजाचं बटण थोडं मागे ठेवायचं. अर्धवट भरलेला फोम किंवा शीतपेयाच्या नळ्यांचा जुडगा घालणं हा उपायही काही जण करतात. माझ्या मते त्यात दोन्हीकडचं नुकसान आहे. मोकळी जागा घटते, अडथळा वाढतो, नळीचा सूर ढिला पडतो आणि वारा उरतोच.

फुकटात होणारी कामं त्याआधी उरकावीत. वूफर खोलीच्या कोपऱ्यात सरकवा. दोन भिंती आणि फरशी मिळून बेस उचलतात, म्हणून तेवढ्याच आवाजासाठी वूफरला कमी राबावं लागतं. जागेच्या जोरावर ६ डेसिबल मिळाले आणि तितकं बटण मागे घेतलं, तर नळीतला वेग निम्मा होतो. भोक भिंतीकडे वळवलं तर आणखी बरं. भोवऱ्यांचा आवाज उंच पट्टीतला असल्यामुळे तो सरळ रेषेत जातो, आणि समोर भिंत आली की कानाला कमी लागतो. बेसला त्याने फरक पडत नाही. मात्र भोक आणि भिंतीत नळीच्या व्यासापेक्षा जास्त अंतर हवं, नाहीतर भिंतच बुचाचं काम करू लागते. ‘बेस बूस्ट’चं बटण असेल तर ते बंद. ते बटण नेमकं नळीवर ताण असतो तिथेच जोर लावतं.

आता हात घालायचं काम. प्लग काढा आणि खोकं लगेच उघडू नका. ॲम्प्लिफायरमधले मोठे कपॅसिटर वीज काही वेळ धरून ठेवतात, म्हणून थोडं थांबा आणि त्या पत्र्याच्या आतल्या बाजूला हात लावू नका. समोरचे स्क्रू काढून वूफर बाहेर घ्या, वायरींचे रंग लिहून ठेवा, आणि वूफर कापडात गुंडाळून दूर ठेवा. पुढच्या कामात भुगा उडणार आहे आणि मॅग्नेटच्या खाचेत अडकलेला लोखंडाचा कण काढणं महाकर्मकठीण असतं.

नळी निघत असेल तर उत्तम. आतल्या तोंडाला प्लायवूडची एक चकती बसवा, मध्ये नळीच्या मापाचं भोक असलेली. मग चकती आणि नळी जिथे मिळतात तिथे एम-सीलने गोलाई भरा. प्रत्येक घरात गळक्या नळासाठी त्याची एक पुडी असतेच. दोन्ही रंग सारखे मळून, बोट पाण्यात बुडवून, वाटीच्या काठासारखी सलग उतरती गोलाई द्या. ५० मिलिमीटरच्या नळीला १२ ते १५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई पुरते. घट्ट व्हायला तास लागतो, पण पॉलिश पेपर दुसऱ्या दिवशीच मारा, आधी जाडा, मग बारीक. चकाकी यायची गरज नाही, फक्त सांधा, पायरी किंवा फुगवटा राहू नये. गाडीच्या पत्र्यावर लावतात ती ‘लांबी’ही चालते, फक्त घरात तिचा वास सहन होत नाही. बाहेरचं तोंड धारदार असेल तर तिथेही हेच.

नळी मोडकी असेल किंवा निघतच नसेल तर नवी करा, आणि इथे मराठवाड्याचं एक जुनं कौशल्य कामी येतं. शेतात पाइपलाइन टाकताना पीव्हीसी पाइपाचं टोक तापवून दुसऱ्यावर चढवणारे गडी तुम्ही पाहिले असतील. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून विस्तवाची गरज नाही. जुन्या पातेल्यात पाणी उकळा, पाइपाचं टोक त्यात थोडा वेळ धरा, मऊ पडलं की स्टीलच्या पालथ्या वाटीवर सरळ दाबा आणि तसंच नळाखाली गार करा. टोक भोंग्यासारखं उमलतं. ज्योतीवर धरू नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते. आणि ते पातेलं नंतर स्वयंपाकाला घेऊ नका.

भोंगा किती मोठा करायचा? मोह होतो तुतारीएवढा करायचा. पण ॲलेक्स साल्व्हाटी, ॲलन देवांतिए आणि डग बटन ह्या तिघांनी २००२ मध्ये पोर्टच्या आकारांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिसलं की अतिफाकलेलं तोंडही मोठ्या आवाजाला पुन्हा गोंधळ घालतं. झोत फार झपाट्याने रुंद होणाऱ्या भिंतीला चिकटून राहत नाही, मध्येच सुटतो. मधलं माप बरं. वाटीच्या काठाची गोलाई त्यातच बसते.

आता सगळ्यात मोहक उपाय: नळीच रुंद करायची. सूत्र इथे आडवं येतं. नळी रुंद केली की तिच्यातल्या हवेला खोक्याची स्प्रिंग जास्त जोराने ढकलते आणि सूर वर चढतो. तो जागेवर आणायचा तर नळी लांब करावी लागते. आपल्या ३० लिटरच्या खोक्यात ४० हर्ट्‌झसाठी हिशेब मांडला तर असं दिसतं. बाजारातला ७५ मिलिमीटरचा पाइप घेतला (हे बाहेरचं माप, आतून तो सुमारे ७० भरतो), तर लांबी १९ सेंटिमीटर लागते आणि वेग १७ वरून साडेआठवर येतो. ९० चा घेतला तर वेग ६ च्या आत, पण लांबी २९ सेंटिमीटर. ११० चा घेतला तर वेग ४ च्या आत, आणि लांबी ४५. तीसेक सेंटिमीटर खोलीच्या खोक्यात तो मावायचा कसा? एल्बो लावून वळवता येतो, पण मग पाइपच चार लिटरहून जास्त जागा खातो आणि सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं. शिवाय आतलं तोंड आणि मागची भिंत ह्यांत पाइपाच्या व्यासाएवढी मोकळी जागा हवीच. लांब नळीची आणखी एक खोड आहे: दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी स्वतःचाही सूर धरते. १९ सेंटिमीटरची सातशे हर्ट्‌झच्या आसपास, ४५ ची सव्वातीनशेच्या जवळ. तो सूर जितका खाली येईल तितका माणसाच्या आवाजात मिसळायचा धोका.

म्हणून अशा वूफरला ७५ चा पाइप आणि दोन्ही तोंडांना गोलाई, एवढ्यावर थांबावं असं मला वाटतं. प्लंबिंगच्या कुठल्याही दुकानात मीटरभर तुकडा मिळतो. भोक मोठं करायला सुताराकडे होल सॉ असते. घरी करवतीने प्रयत्न केला तर जुनं पार्टिकल बोर्ड कडेला फुटतं.

पाइप हिशेबापेक्षा दोनेक सेंटिमीटर लांब कापा. भोंगा केला की नळी तेवढ्या लांबीची राहत नाही, थोडी आखूड असल्यासारखी वागते, त्याचीही भरपाई होते. सगळं चिकटपट्टीने तात्पुरतं बसवून ५० हर्ट्‌झपासून एक-एक हर्ट्‌झ खाली उतरत जा आणि कोनच्या कडेवर बोट अलगद टेकवा. ज्या सुरावर कोन सगळ्यात कमी हलतो आणि पाइपाच्या तोंडाशी धरलेला पातळ कागद सगळ्यात जोरात फडफडतो, तो तुमच्या खोक्याचा सूर. तो खाली गेला असेल तर पाइप थोडा-थोडा कापा. मिलिमीटरसाठी जीव काढू नका. मे महिन्यात चाळीस अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३५५ मीटर असतो आणि डिसेंबरच्या पहाटे ३३९ च्या आसपास. संभाजीनगरात राहणाऱ्या वूफरचा सूर नुसत्या ऋतूनेच दोन हर्ट्‌झ इकडचा तिकडे होतो.

पक्कं बसवताना सांध्याभोवती सिलिकॉन किंवा एम-सील भरा. पाल आणि झुरळं आत जातील ह्या भीतीने तोंडावर जाळी लावण्याचा विचार मनात येईल. तो सोडा. जाळीची प्रत्येक तार म्हणजे एक नवी कड. वापर नसेल तेव्हा मघाचा मोजा कोंबून ठेवणं बरं.

एवढं करूनही काही सिनेमांत फुंकर ऐकू येईल. ती बहुधा नळीच्या सुराच्या खालून येते. ४० च्या खाली खोक्याचा धाक संपतो, कोन मोकाट धावतो आणि नळी नुसती हवा आत-बाहेर करते. ऐकण्यासारखा बेस त्यातून मिळत नाही. संगणक जोडलेला असेल तर इक्वलायझर एपीओसारखा फुकट प्रोग्राम ३५ हर्ट्‌झच्या खालचं सगळं छाटून टाकतो. काही ॲम्प्लिफायरवर ‘सबसॉनिक’ नावाची कळ असते, तिचं कामही तेच. आपल्या ऐकण्यातल्या बहुतेक संगीताचं त्यात काही जात नाही. काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ सूरही ६९ हर्ट्‌झच्या आसपास असतो, म्हणजे त्या कात्रीच्या बराच वर. त्याखाली उतरतात ते सिनेमातले भूकंप आणि स्फोट. ते खरेखुरे ऐकायचे असतील तर ८ इंची कोन आणि ३० लिटरचं खोकं मुळातच अपुरं आहे, मग नळी कितीही गोल घासली तरी.